मदत मागायला आलेल्याला आधी बसायला द्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चर्चच्या मंडळीतले एक गृहस्थ, पूर्वी सुतारकाम करणारे, काम सुटल्यापासून दर महिन्याला तुमच्या दारात येतात. तुमचं दार ओलीने फुगलंय, पूर्ण उघडत नाही. ते अर्धं उघडून तुम्ही उभ्याउभ्याच पैसे देता आणि परत लावता. दिले की चीड येते, नाही दिले तर रात्री झोप लागत नाही. ख्रिस्ती माणसाने दया करायची हे मान्य, पण हे गृहस्थ फसवत असतील तर? किती द्यायचं, कुठवर द्यायचं? आणि या सगळ्यात साक्ष, म्हणजे आपला विश्वास दुसऱ्यांना सांगणं, कुठे येते?

मी २२ वर्षं मंडळीच्या मदतनिधीचं काम बघते आहे. पहिल्यांदा एवढंच सांगते की चीड येते म्हणून स्वतःला निर्दय समजू नका. उभ्याउभ्या दिलेल्या पैशाने देणाऱ्याचंही समाधान होत नाही. तुम्हाला जे खुपतंय ते पैसे गेल्याचं नसावं, त्या अर्ध्या उघड्या दाराचं असावं असा माझा अंदाज आहे.

लूकच्या शुभवर्तमानात एक ग्रीक क्रियापद तीन ठिकाणी येतं. नाईन गावाच्या वेशीवर एकुलत्या मुलाची प्रेतयात्रा घेऊन चाललेली विधवा येशूला दिसते तेव्हा (अध्याय ७), वाटेत पडलेला जखमी माणूस एका शोमरोन्याला, म्हणजे यहुदी ज्यांना परकं मानत त्यांतल्या एकाला, दिसतो तेव्हा (अध्याय १०), आणि उधळा मुलगा दुरून येताना बापाला दिसतो तेव्हा (अध्याय १५). आपल्याकडे त्याचं भाषांतर ‘कळवळा आला’ असं होतं. त्या क्रियापदाचं मूळ आहे आतडी. जुन्या करारात करुणेसाठी जो हिब्रू शब्द येतो त्याचं नातं गर्भाशयाच्या शब्दाशी आहे. इतर भाषांत हे समजावून सांगावं लागत असेल, मराठीत गरज नाही. आपलं आतडं तुटतं, पोटात कालवतं, हे आपण रोज बोलतो.

पण शोमरोन्याच्या गोष्टीत कळवळ्याला किती जागा आहे बघा. अर्धं वाक्य. बाकी सगळी कामं आहेत. जवळ गेला, तेल आणि द्राक्षारस ओतला, जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवलं, उतारशाळेत नेलं, रात्रभर बघितलं, सकाळी दोन दीनार काढून दिले. मत्तयच्या २० व्या अध्यायात द्राक्षमळ्यातल्या मजुराची दिवसाची मजुरी एक दीनार ठरते, म्हणजे ही दोन दिवसांची मजुरी झाली. त्याने आपलं सगळं विकलं नाही, प्रवासही रद्द केला नाही. यरुशलेमहून यरीहोकडे उतरणारा तो रस्ता साधारण २५ किलोमीटरचा, आणि तेवढ्यात जवळजवळ हजार मीटर खाली जाणारा. त्या रस्त्याने तो पुढे गेला. जाताना उतारशाळेच्या मालकाला म्हणाला, जास्त लागलं तर खर्च करा, परत येईन तेव्हा देईन. हिशेब ठरलेला होता, आणि परत येण्याचा शब्दही दिलेला होता. मला स्वतःला या गोष्टीत तेलापेक्षा हा शब्द जास्त मोठा वाटतो.

शेवटी येशू विचारतो, जखमीला बघून आधीच निघून गेलेले दोघे आणि हा शोमरोनी, या तिघांतला शेजारी कोण? ज्याच्या प्रश्नावरून ही गोष्ट निघाली तो शास्त्री उत्तर देतो, दया करणारा. मूळ ग्रीकमध्ये तो शब्दशः ‘त्याच्याबरोबर दया करणारा’ असं म्हणतो. तशी बोलण्याची ती जुनी पद्धत आहे, त्यातून फार मोठं तत्त्वज्ञान काढू नये. पण हा ‘बरोबर’ माझ्या डोक्यातून जात नाही, कारण सुरुवातीची काही वर्षं आम्ही दया ‘वर’ उभं राहून करत होतो.

तेव्हाची एक गोष्ट सांगते. नाताळच्या आधी आम्ही किराण्याच्या पिशव्या वाटायचो, उपासना संपल्यावर, सगळ्यांसमोर. नावं पुकारली जायची, माणूस पुढे यायचा, पाळक हातात पिशवी द्यायचे, कोणीतरी फोटो काढायचं. एका वर्षी फोटोचं काम माझ्याकडे होतं. एक बाप सात-आठ वर्षांच्या मुलीला घेऊन पुढे आला. मी कॅमेरा वर केला तसा त्याने पिशवी घेता घेता दुसऱ्या हाताने मुलीचं डोकं हलकेच आपल्या पोटाशी दाबून धरलं, तिचा चेहरा दिसू नये म्हणून. तिला वाटलं बाबा लाड करतायत, ती हसली. तो फोटो मी काढला नाही. पुढच्या वर्षी ते कुटुंब पिशवीला आलं नाही. गरज संपली नव्हती, हे मला माहीत होतं.

उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नका, हे आपण देणाऱ्याच्या नम्रतेबद्दल वाचतो. त्या दिवसापासून मी ते घेणाऱ्याच्या बाजूने वाचते. मदत गाजली की किंमत त्याच्या मुलांना मोजावी लागते.

याबाबत जुन्या करारातलं नियमशास्त्र आपल्यापेक्षा फार पुढे होतं. त्यातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या २४ व्या अध्यायात एक बारीकसा नियम आहे: शेजाऱ्याला उसनं दिलंस तर गहाण घ्यायला त्याच्या घरात शिरू नकोस. बाहेर उभा राहा, तो स्वतः गहाण बाहेर आणून देईल. गरीब असेल आणि पांघरूणच गहाण ठेवलं असेल, तर सूर्य मावळायच्या आत परत कर. कर्ज घेतलेला माणूसही आपल्या घराचा मालक आहे, काय बाहेर आणायचं ते तो ठरवेल. आपण मात्र मदत देण्याआधी माणसाच्या घरात, कपाटात, कधीकधी लग्नाच्या गोष्टींतही शिरतो.

रूथच्या पुस्तकात शेतमालक बोअज परक्या देशातून आलेल्या विधवा रूथसाठी काय करतो तेही पाहा. कापणीत राहिलेलं गरीब, परके आणि विधवांसाठी सोडायचं हा नियम होताच. बोअजने त्यावर एक पाऊल टाकलं. त्याने कापणाऱ्यांना गुपचूप सांगितलं की पेंढ्यांतली काही कणसं मुद्दाम ओढून तिच्यासाठी पडू द्या, आणि तिला धमकावू नका. रूथ संध्याकाळी एफाभर (एफा हे धान्याचं माप) जव घेऊन घरी गेली ती आपण वेचलेलं म्हणून. दयेतलं इतकं नाजूक काम मी दुसरीकडे वाचलेलं नाही. चौथ्या शतकातल्या कैसरियाच्या बासिल या धर्मगुरूबद्दल अशीच एक नोंद आहे. ३६८ च्या सुमाराच्या दुष्काळात त्याने भुकेल्यांना एकत्र करून स्वतः वाढलं. त्याचा मित्र, नाझियान्झचा ग्रेगरी, सांगतो की गरज भागवताना तो त्यांचा मानही राखत होता, म्हणून त्यांना दुहेरी आराम मिळाला.

आता फसवणुकीचं. मी दोनदा चांगलीच फसले आहे. एकदा तर ज्या आजारी आईच्या औषधांसाठी वर्षभर पैसे दिले, ती आई आधीच वारलेली निघाली. समिती चिडली, मीही चिडले. मग आम्ही कडक झालो: अर्ज, पुरावे, दोन शिफारशी. सहा महिन्यांत लक्षात आलं की कडकपणाचा फटका भलत्यांनाच बसतोय. फसवणाऱ्याचे कागद नेहमी तयार असतात, शिफारसही असते. खरा अडलेला माणूस गोंधळलेला असतो, त्याचं एक बिल हरवलेलं असतं आणि दुसऱ्यावरची तारीख चुकलेली असते.

त्याच काळात एक गृहस्थ आले. प्लास्टिकच्या फाइलमध्ये बायकोच्या उपचारांचे सगळे कागद. मी काही विचारायच्या आतच ते एकेक कागद काढून टेबलावर लावायला लागले, कडा जुळवून, पत्ते मांडावेत तसे. हात थरथरत होते. याआधी किती टेबलांवर त्यांनी हे केलं असेल ते त्या सवयीवरून दिसत होतं. मी म्हटलं, ते राहू द्या, आधी बसा, ताई कशा आहेत? ते बसले आणि दहा मिनिटं काही बोललेच नाहीत.

तेव्हापासून पहिल्या वेळी आम्ही कागद बघत नाही. पहिल्यांदा कोणी आलं की फार चौकशी न करता लहानशी रक्कम देतो. बुडाली तरी मंडळी बुडणार नाही आणि आम्हालाही दुःख होणार नाही, एवढी. दुसऱ्यांदा आलं की बसून बोलतो, निदान अर्धा तास. तिसऱ्यांदा आलं की दोघं मिळून बघतो आणि पुढच्या काही महिन्यांचं ठरवतो. कोणाला काय दिलं ते तीन माणसांपलीकडे जात नाही, पाळकांच्या घरातही नाही. पैशाचा हिशेब मात्र पैन् पै लिहिलेला असतो. प्रेषित पौल दुसऱ्या करिंथ पत्राच्या ८ व्या अध्यायात यरुशलेमच्या गरिबांसाठीच्या वर्गणीबद्दल लिहितो, तेव्हा पैसे नेताना बरोबर आणखी माणसं पाठवतो, म्हणजे कोणाला बोट ठेवायला जागा राहू नये. माणसांवर विश्वास आणि पैशांवर नजर, या दोन्ही गोष्टी एका हाताने करता येतात. आपण नेमकं उलटं करतो: माणसांवर नजर ठेवतो आणि हिशेबाच्या वहीवर विश्वास टाकतो.

आणि उसने देऊ नका. द्यायचे तर देऊन टाका. उसने घेतलेला माणूस महिन्याभराने तुम्हाला रस्त्यात टाळायला लागतो, आणि त्याला पैसेही हवे होते आणि तुम्हीही हवे होतात.

‘जो काम करत नाही त्याने खाऊही नये’, हे वचन तुमच्या मंडळीतही कोणीतरी काढेल, आमच्याकडे दर बैठकीत निघतं. थेस्सलनीकाकरांस दुसऱ्या पत्रात ते आहे खरं, ३ ऱ्या अध्यायात. पण तिथे शब्द ‘काम करायला तयार नसेल’ असा आहे. काम न मिळणाऱ्याबद्दल, हात दुखणाऱ्याबद्दल, घरी आजारी माणूस असणाऱ्याबद्दल पौल ते बोलत नाहीये. तीनच वचनं पुढे जा, तिथे तो म्हणतो, तुम्ही मात्र बरं करताना थकू नका. ती तीन वचनं वाचायला वेळ कोणाला नसतो!

कुठवर, हा तुमचा प्रश्न सगळ्यात कठीण. गलतीकरांस पत्राच्या ६ व्या अध्यायात दोन वाक्यं जवळजवळ आहेत: एकमेकांची ओझी वाहा, आणि प्रत्येकाने आपला भार वाहावा. मराठीत वाचताना विसंगत वाटतात. ग्रीकमध्ये शब्द वेगळे आहेत. पहिला एकट्याला न पेलणाऱ्या वजनाचा, दुसरा प्रत्येकाने आपापलं न्यायच्या गाठोड्याचा. आजारपण, मृत्यू, अचानक सुटलेलं काम ही पहिली जात. रोजचे निर्णय, व्यसन सोडायची तयारी, मुलांशी बोलणं ही दुसरी. ते गाठोडं आपण उचललं की माणूस आणखी दुबळा होतो. सीमा घालणं निर्दयपणा नाही, पण ती तोंडावर, आधी, आणि शांतपणे सांगायची असते. ‘मला महिन्याला इतकंच जमेल आणि सहा महिने जमेल, मग आपण बसून पुढचं बघू’, असं. दाराआड लपून घातलेली सीमा दोघांनाही अपमानास्पद वाटते.

एका बाबतीत मात्र सीमा वगैरे काही नाही. घरात मार खाणारी बाई मदत मागायला आली तर ‘क्षमा कर, प्रार्थना कर, परत जा’ हा सल्ला देऊ नका. आमच्या मंडळीने एकदा तो दिला होता. तिला आधी सुरक्षित जागी पोचवा, मग बाकीचं. जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलणाऱ्यालाही एकटं सोडू नका, डॉक्टरकडे नेताना स्वतः बरोबर जा. प्रार्थना गाडीतही करता येते.

पैशाचा विषय इतका मोठा वाटतो की बाकीची गरज दिसत नाही. नवरा गेलेल्या एका बाईंकडे मी तिसऱ्या आठवड्यात गेले. तोवर भेटायला येणारे थांबले होते. मी बायबल उघडलं, स्तोत्र वाचलं, बरंच बोलले. त्या ऐकत होत्या, पण नजर सारखी टेबलावरच्या पाकिटाकडे जात होती. शेवटी मीच गप्प बसले आणि विचारलं, हे काय आहे? बँकेचा फॉर्म होता, नवऱ्याच्या खात्याचा. ‘मयत’ या शब्दापुढे त्याचं नाव लिहायचं होतं आणि त्यांच्याने ते लिहवत नव्हतं. मी लिहिलं. सगळा फॉर्म भरून व्हायला चाळीस मिनिटं लागली, मधे एकदा पेनची शाई संपली. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी बँकेत गेलो. मी वाचलेलं स्तोत्र त्यांना आठवत नाही, हे त्यांनी नंतर हसत सांगितलं.

येशू आंधळ्या बार्तीमयाला विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? आंधळ्याला काय हवं हे उघड नव्हतं का? तरी विचारतो. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागतो तेव्हा देव त्याला आधी उपदेश करत नाही. झोपू देतो, भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खायला देतो. बोलणं खूप नंतर, चाळीस दिवस चालून होरेब डोंगराला पोचल्यावर. दुःखातल्या माणसाकडे जाताना हा क्रम लक्षात ठेवा.

आता साक्ष. मदतीला अट लावू नका, एवढं माझं मत अगदी पक्कं आहे. उपासनेला आलात तर पिशवी मिळेल, हा सौदा झाला. लूकच्या १७ व्या अध्यायात दहा कुष्ठरोगी बरे झाले, आभार मानायला परत आला एकच, आणि तोही शोमरोनी. बाकीचे नऊ कुठे आहेत, असं येशूने विचारलं, पण त्यांचा रोग परत लावला नाही. चौथ्या शतकातल्या युलियान या रोमी सम्राटाला ख्रिस्ती लोक अजिबात आवडत नसत, जुन्या देवांची पूजा परत आणायची होती त्याला. ३६२ मध्ये अर्साकियस नावाच्या पुजाऱ्याला लिहिलेल्या पत्रात तो चिडून म्हणतो की हे गालीली (ख्रिस्ती लोकांना तो हेच म्हणे) त्यांच्या गरिबांनाच नव्हे तर आपल्या गरिबांनाही पोसतात, आपणही प्रत्येक शहरात धर्मशाळा बांधल्या पाहिजेत. विरोधकाच्या तक्रारीत निघालेली ही साक्ष मला कोणत्याही पत्रकापेक्षा भारी वाटते. तुम्हाला कोणी विचारलं की हे का करता, तर मनापासून सांगा, लाजू नका. विचारेपर्यंत थांबायला काय हरकत आहे?

शेवटी तुमच्या त्या सुतारांचं. मदत घेणाऱ्याला सगळ्यात जास्त काय सलतं, तर त्याच्याकडून कोणाला काही नको असतं. यरुशलेमच्या पहिल्या मंडळीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांची रोजच्या वाटपात आबाळ होते अशी तक्रार आली, तेव्हा ज्या सात जणांच्या हाती वाटप दिलं त्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. बहुधा तक्रार करणाऱ्यांच्याच हातात चाव्या दिल्या. आमच्या समितीत आज ते फाइलवाले गृहस्थ आहेत, हिशेबाची वही त्यांच्याकडे असते आणि माझ्या बेरजेतल्या चुका ते लाल शाईने दाखवतात. योहानाच्या ४ थ्या अध्यायात येशू विहिरीवर आलेल्या शोमरोनी बाईला काही द्यायच्या आधी तिच्याकडे प्यायला पाणी मागतो.

तेव्हा या महिन्यात ते आले की त्यांना आत बोलवा, बसायला द्या. पैसे द्यायचे ते नेहमीसारखे द्या, त्याला कामाची अट नको. मग वेगळा विषय म्हणून सांगा की हे दार फुगलंय, रंधा मारून देता का, की हात दुखतो? नको म्हणाले तर विषय तिथेच सोडा आणि गप्पा मारा. हो म्हणाले तर बाजारात सुतार जी मजुरी घेतो ती पूर्ण ठरवा, आणि त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत हातात द्या. तो नियमही अनुवादाच्या त्याच २४ व्या अध्यायात आहे.